फावल्या वेळचा प्रोग्रॅम

दिवसाचे काम आटोपून मनुष्य घरी येतो, हातपाय धुतो, चहा घेतो, आणि मग रात्रीच्या जेवणापर्यंत जो तास-दीड तास उरतो तो कसा घालवतो, यावरून त्याच्या स्वभावाची बरीच पारख करता येते. कोणी पेटी काढून बसतो, कोणी पोस्टाची तिकिटे चिकटवितो, कोणी गच्चीवरील कुंड्यांना पाणी घालतो. सोलापूरच्या शुक्रवार पेठेत राहणाऱ्या माझ्यासारख्या कारकुनी पेशाच्या मनुष्याने हा वेळ संगणकासाठी प्रोग्रॅम लिहिण्यात घालवावा, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. 'यातून तुम्हांला मिळते काय?' हा प्रश्न मला आमच्या पेठेत अनेकदा विचारण्यात आला आहे. पैसा मिळत नाही, हे प्रथमच सांगून टाकतो. मग काय मिळते, आणि ते मिळवीत असता माझ्या हातून एका सज्जन स्त्रीला कसा मनस्ताप झाला, हे आज आपणांस सांगावयाचे योजिले आहे.

प्रोग्रॅम म्हणजे काय, हे सोलापूरकराला समजावून देणे फारसे अवघड नाही. कारण त्याचे फळ तो कित्येक पिढ्या अंगावर पांघरून झोपत आला आहे. आपल्या चादरीवरील मोर किंवा वेलबुट्टी छापलेली नसते, विणलेली असते. विणताना बाण्याच्या प्रत्येक फेरीला ताण्याचे कोणते धागे उचलावयाचे आणि कोणते खाली ठेवावयाचे, हे ठरवावे लागते. फ्रान्समधील ल्यों शहरच्या जोसेफ मारी जकार या गृहस्थाने १८०४ च्या सुमारास हे काम भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर सोपविले. पुठ्ठे एकापुढे एक माळेसारखे ओवलेले. एक पुठ्ठा म्हणजे बाण्याची एक फेरी. जेथे भोक असेल तेथे धागा उचलला जावयाचा, जेथे नसेल तेथे तो खालीच राहावयाचा. याच युक्तीस आपण जॅकार्ड म्हणतो, आणि आपल्या शहराच्या पूर्वभागातील मागांच्या खडखडाटात तिचा आवाज पिढ्यान्‌पिढ्या मिसळला आहे. अलीकडे अनेक ठिकाणी पुठ्ठ्यांची जागा विजेवर चालणाऱ्या यंत्रणेने घेतली. पण 'भोक आहे किंवा नाही' या दोनच उत्तरांवर सगळी नक्षी उभी करावयाची, हे तत्त्व जसेच्या तसे राहिले.

इंग्लंडमधील चार्ल्स बॅबेज याच्यापाशी स्वतः जकारचे रेशमात विणलेले एक चित्र होते. ते विणण्यास सुमारे २४,००० पुठ्ठे लागले होते. बॅबेजने आपल्या नियोजित गणनयंत्रास आज्ञा देण्यासाठी हेच पुठ्ठे योजिले, आणि एडा लव्हलेस या विदुषीने १८४३ साली त्या यंत्रावर टिपणे लिहिताना त्याची तुलना जकारच्या मागाशी केली. ते यंत्र बॅबेजच्या हयातीत पुरे झाले नाही. कल्पना मात्र मेली नाही. आजचा संगणकही मुळाशी दोनच उत्तरे जाणतो, आणि आपण लिहिलेला प्रोग्रॅम म्हणजे त्याला घातलेली पुठ्ठ्यांची माळ होय.

या उपमेतून एक गोष्ट आताच ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचे काम पडणार आहे. पुठ्ठ्यातील एक भोक चुकले, तर त्या माळेवर विणल्या जाणाऱ्या प्रत्येक चादरीत तीच चूक त्याच जागी उतरते. यंत्र थकत नाही, कंटाळत नाही, आणि शंकाही घेत नाही.

आता छंदाविषयी. फावल्या वेळात केलेले काम हलके असते, असा एक समज आहे. तो दूर करावयास नाशिकजवळच्या देवळालीकडे पाहावे. तेथे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे शाळामास्तर राहत असत. १९०५ साली डहाणूस त्यांचा जन्म झाला आणि १९८६ साली ते वारले. विद्यापीठातील अध्यापकाची खुर्ची त्यांना कधी लाभली नाही. शाळा सांभाळून उरलेल्या वेळात ते अंकांशी खेळत, आणि त्या खेळातून १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी पुढील गंमत मांडली. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी. मात्र तिचे चारही अंक एकच नसावेत. तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहावेत, मग चढत्या क्रमाने लिहावेत, आणि मोठीतून लहान वजा करावी. आलेल्या उत्तरावर पुन्हा हीच क्रिया करावी. फार तर सात पायऱ्यांत आपण ६१७४ या संख्येशी येऊन पोहोचतो, आणि एकदा तेथे पोहोचलो की तेथून हलत नाही.

कापरेकरांनी ही गोष्ट मांडली तेच साल घेऊन पाहू. १९४९ चे अंक उतरत्या क्रमाने ९९४१ आणि चढत्या क्रमाने १४९९; वजाबाकी ८४४२. पुढे ८४४२ वजा २४४८ म्हणजे ५९९४. मग ९९५४ वजा ४५९९ म्हणजे ५३५५. मग ५५५३ वजा ३५५५ म्हणजे १९९८. मग ९९८१ वजा १८९९ म्हणजे ८०८२. मग ८८२० वजा ०२८८ म्हणजे ८५३२. आणि शेवटी ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. नेमक्या सात पायऱ्या झाल्या. आपल्याकडे या गोष्टीचे फारसे कौतुक झाले नाही. पुढे १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातील आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले, तेव्हा त्यांचे नाव जगभर पोहोचले.

माझा पहिला प्रोग्रॅम हाच होता. ०००० पासून ९९९९ पर्यंत दहा हजार संख्या. त्यांतून ११११, २२२२ अशा सारख्या अंकांच्या दहा वगळल्या म्हणजे उरल्या ९,९९०. त्या सर्वांवर ही क्रिया करून सात पायऱ्यांचा नियम पडताळावयाचा. कागदावर महिने लागतील असे हे काम. संगणकाने ते डोळ्याचे पाते लवते न लवते तोच केले, आणि मला कळविले की कापरेकर चुकले! काही संख्या ६१७४ ऐवजी शून्यावर जात होत्या. दोन संध्याकाळ मी मोठ्या अभिमानात होतो. तिसऱ्या संध्याकाळी २१११ ही संख्या हाताने करून पाहिली. २१११ वजा १११२ म्हणजे ९९९. कापरेकर हे उत्तर ०९९९ असे चार अंकी धरतात. माझ्या प्रोग्रॅमने पुढचे शून्य टाकून दिले होते, म्हणून ९९९ वजा ९९९ करून तो शून्यावर आला होता. देवळालीचे मास्तर बरोबर होते. चूक शुक्रवार पेठेत होती. त्या चुकीने कोणाचे काही बिघडले नाही, म्हणून मी हसलो आणि विसरलो. विसरावयास नको होते.

फावल्या वेळच्या कामाची परदेशांतील उदाहरणेही याच जातीची आहेत. नेदरलंड्‌सच्या गिदो व्हॅन रॉसम यांनी १९८९ च्या नाताळात, कचेरीस सुटी असताना मनास उद्योग हवा म्हणून, पायथॉन ही भाषा लिहावयास घेतली. फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्‌स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सची घोषणा केली, तेव्हा हा आपला केवळ एक छंद आहे असेच तो म्हणाला होता. आज जगातील असंख्य संगणक त्या छंदावर चालतात. ही उदाहरणे वाचून मलाही स्फुरण चढले. अर्ध्या रात्री कल्पना सुचावी, सकाळपर्यंत नवा प्रोग्रॅम सुरू करावा, आठ दिवसांत त्याचा कंटाळा यावा, आणि मग दुसऱ्यास हात घालावा, असा क्रम सुरू झाला. पंचांग सुरू केले, ते अर्धवट. बुद्धिबळ सुरू केले, ते अर्धवट. स्वतःची नवी भाषा रचावयास घेतली, ती तर पहिल्या पानावरच राहिली. अशा स्थितीत भिशीचे प्रकरण घडले.

आमच्या गल्लीत अठराजणींची एक भिशी आहे. प्रत्येकीने दरमहा ठरलेली रक्कम भरावयाची, जमलेल्या रकमेतून गरज पडेल तिला अल्प व्याजाने उचल द्यावयाची, आणि वर्षअखेर व्याज सर्वांनी वाटून घ्यावयाचे, असा तिचा रिवाज. शेजारच्या वाड्यातील एक काकू कित्येक वर्षे ही वही सांभाळीत आल्या. त्यांचे शिक्षण सातवीपर्यंतचे. अक्षर मोठे आणि सरळ. बेरीज खालून वर व वरून खाली अशी दोनदा करण्याची त्यांना सवय. मी स्वतः होऊन त्यांना म्हटले, 'काकू, कशाला त्रास घेता? मी तुम्हांला प्रोग्रॅम करून देतो.' त्यांनी आढेवेढे घेतले. मी आग्रह केला. येथपर्यंत सर्व प्रेमाचेच होते.

वर्षाचा हिशेब संक्रांतीपूर्वी, गड्ड्याच्या यात्रेची तयारी चालू असते त्या सुमारास होतो. वहीतील सर्व नोंदी मी संगणकात भरल्या. सर्वजणी आमच्या बैठकीच्या खोलीत जमल्या. पडद्यावर नावे आली, रकमा आल्या, व्याज आले. मंडळी खूष झाली. मग जमा रक्कम, दिलेली उचल व हातची शिल्लक यांचा ताळा पाहण्याची आज्ञा मी दिली, आणि शेवटच्या ओळीत अक्षरे उमटली: 'हिशेब जुळत नाही.'

क्षणभर कोणीच बोलले नाही. मग एकीने काकूंकडे पाहिले, दुसरीनेही पाहिले. 'मशीन कशाला खोटं बोलेल?' असे कोणीतरी हळूच म्हणाले. फरक किती, हे छापण्याची सोय मी प्रोग्रॅममध्ये केलीच नव्हती. त्यामुळे तो चार आण्यांचा की चार हजारांचा, हे कोणासच कळेना, आणि न कळलेल्या रकमेचा संशय नेहमीच मोठा असतो. काकूंनी वही उचलली आणि काही न बोलता त्या घरी गेल्या. त्यांच्या खिडकीतील दिवा त्या रात्री फार उशिरापर्यंत जळत होता. मला हे सांगताना लाज वाटते, पण सांगितले पाहिजे: त्या रात्री माझ्या मनातही हेच आले की काकूंचे वय झाले, कोठेतरी हातचा विसरल्या असतील. माझी स्वतःची चूक असेल, ही शंका मला शिवलीसुद्धा नाही.

सकाळी काकू दारात उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, 'तीनदा केलं बघ. पैशाचा फरक नाही. आता तू तुझं यंत्र तपास.'

मी तपासले. कारण सापडण्यास संध्याकाळ झाली. ते येथे सांगतो, कारण ते प्रत्येकाला समजण्याजोगे आहे. आपण दहाच्या पटीत मोजतो. या पद्धतीत एक-तृतीयांश दशांशात लिहू लागलो तर ०.३३३ असे कितीही तीन लिहिले तरी ते संपत नाही. कोठेतरी थांबावे लागते, आणि मग त्याची तिप्पट केली तर १ न येता ०.९९९ येते. संगणक दोनच्या पटीत मोजतो. त्याच्या पद्धतीत एक-दशांश, म्हणजे आपले दहा पैसे, असेच न संपणारे आहेत. तोही कोठेतरी थांबतो. म्हणून दहा पैसे दहा वेळा एकेक करून त्याने मिळविले तर रुपया भरत नाही. शून्यानंतर नऊ हा अंक सोळा वेळा, एवढे उत्तर येते. हा फरक इतका सूक्ष्म आहे की व्यवहारात त्याला किंमत नाही. परंतु 'ही रक्कम त्या रकमेइतकीच आहे काय?' असे काटेकोरपणे विचारले, तर संगणक प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतो. मी नेमके तेच विचारले होते, आणि त्या 'नाही'चे मराठी भाषांतर 'हिशेब जुळत नाही' असे करून अठराजणींसमोर मांडले होते.

उपाय पोरकट म्हणावा इतका सोपा निघाला. रुपये अपूर्णांकात न ठेवता सर्व रकमा पैशांत, पूर्ण संख्येत ठेवाव्या. रुपये केवळ दाखविताना करावेत. पूर्ण संख्यांची बेरीज संगणक तंतोतंत करतो. आमच्या आजोबांच्या पिढीने हिशेब रुपये, आणे, पै असे वेगवेगळ्या रकान्यांत ठेवले, त्यात हेच शहाणपण होते. व्याजाच्या वाटणीचाही प्रश्न याच जातीचा. १,००० रुपये बाराजणींत वाटले तर प्रत्येकीस ८३ रुपये ३३ पैसे येतात, आणि ४ पैसे उरतात. ते ४ पैसे कोठे जावयाचे, हे संगणक ठरवू शकत नाही. ते माणसांनी आधी ठरवून वहीत लिहावे लागते. काकूंच्या वहीत त्यासाठी 'उरलेले पैसे' असे एक सदर होते. मी ते अनावश्यक समजून गाळले होते!

दुसऱ्या दिवशी मी सर्वजणींना पुन्हा बोलाविले आणि चूक माझी होती, काकूंची नव्हे, हे कारणासह सांगितले. बहुतेकींनी ते हसून स्वीकारले. एकीने मात्र भिशी सोडली, ती पुन्हा आली नाही. प्रोग्रॅममधील चूक एका ओळीत दुरुस्त झाली. माणसाच्या मनात पडलेली आढी तशी एका ओळीत दुरुस्त होत नाही.

हीच एक-दशांशाची चूक दुसरीकडे किती महाग पडली आहे, ते पाहावे. १९९१ च्या आखाती युद्धात सौदी अरबस्तानातील धहरान येथे अमेरिकन सैन्याचे पॅट्रियट नावाचे क्षेपणास्त्र-प्रतिबंधक यंत्र होते. त्याचे घड्याळ एक-दशांश सेकंदात वेळ मोजी, आणि तो एक-दशांश असाच तोडून साठविलेला होता. यंत्र सुमारे शंभर तास अखंड चालू राहिल्याने अत्यल्प चुकांची बेरीज होऊन ती सेकंदाच्या एक-तृतीयांशाच्या घरात गेली. २५ फेब्रुवारी रोजी शत्रूचे क्षेपणास्त्र आले, ते यंत्राने चुकीच्या जागी शोधले, आणि बराकीतील २८ सैनिक प्राणांस मुकले. माझ्या भिशीची त्या प्रसंगाशी बरोबरी करण्याचा माझा हेतू नाही. परंतु कारण एकच होते: आपण दिलेली संख्या यंत्रापाशी जशीच्या तशी पोहोचली, हे गृहीत धरण्यात आले होते.

या प्रसंगानंतर माझ्या छंदाची रीत बदलली. आता मी लहान काम घेतो, आणि ते ज्याच्या उपयोगाचे असेल असा एक तरी मनुष्य आधी पाहून ठेवतो. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येई त्या काळात, पुढची पाळी कोणत्या दिवशी येईल याचा अंदाज मागील नोंदींवरून सांगणारा एक प्रोग्रॅम मी केला. गल्लीने तो वापरला. पुतण्यासाठी मराठी शब्दकोडी रचणारा प्रोग्रॅम केला, तेव्हा एक मौज कळली. 'सोलापूर' हा शब्द आपल्या दृष्टीने चार अक्षरांचा. संगणक मात्र त्यात सात चिन्हे मोजतो, कारण काना, मात्रा व उकार तो निराळे धरतो. कोड्याचे चौकोन त्यामुळे सातच पडत. मराठी अक्षर म्हणजे काय, हे त्यास शिकविण्यात दोन महिने गेले. पण त्या दोन महिन्यांत मला स्वतःला माझी लिपी अधिक चांगली समजली. पंचांग, बुद्धिबळ आणि ती नवी भाषा मी पुन्हा उघडली नाहीत, आणि त्याची खंतही वाटत नाही.

आता साधनांविषयी. या छंदात हत्यारे गोळा करण्याचा एक रोग आहे. सुताराने दहा रंधे विकत घ्यावेत आणि पाट एकही करू नये, तसा हा प्रकार. मी त्या रोगातून गेलो आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. पहिले साधन कागद आणि पेन्सिल. जे उदाहरण हाताने सोडविता येत नाही, त्याचा प्रोग्रॅम लिहू नये; २१११ ने मला हेच शिकविले. दुसरे, मजकूर लिहिण्याचे एक साधन, आणि ते एकच. मी व्हिम वापरतो. नेदरलंड्‌सच्या ब्राम मोलेनार यांनी ते १९९१ मध्ये प्रथम लोकांना दिले आणि २०२३ साली मृत्यू येईपर्यंत ते त्यावर काम करीत राहिले. त्यांनी त्याची किंमत घेतली नाही. ज्यांस ते आवडेल त्यांनी युगांडातील निराधार मुलांसाठी काही द्यावे, एवढीच विनंती केली. तिसरे, एक भाषा. माझी पायथॉन आहे. ती वाचावयास सोपी आहे, आणि सहा महिन्यांनी आपलेच लिखाण आपण परक्याप्रमाणे वाचणार असतो, म्हणून हा गुण मी सर्वांत मोठा मानतो. चौथे, प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारे साधन. टॉरवाल्ड्‌स यांनी २००५ साली रचलेले गिट मी त्यासाठी योजतो. कोणत्या दिवशी कोणती ओळ बदलली आणि का, हे त्यात राहते. काकू चुकलेली रक्कम खोडरबराने पुसत नाहीत, तिच्यावर एक रेघ मारून बाजूस दुरुस्ती लिहितात. गिटचे तत्त्व याहून निराळे नाही. पाचवे साधन म्हणजे परीक्षा. ज्या उदाहरणाचे उत्तर आधीच ठाऊक आहे, ते प्रत्येक बदलानंतर प्रोग्रॅमकडून सोडवून घ्यावे. काकूंच्या वहीतील तीन वर्षांचे हिशेब आज माझ्या प्रोग्रॅमची परीक्षा घेतात. पूर्वी मी यंत्राने वही तपासली. आता वहीने यंत्र तपासतो.

वाचनासंबंधी दोन शब्द सांगितले पाहिजेत. आत्मोन्नतीची पुस्तके बाजारात पुष्कळ मिळतात. ती वाचताना आपण सुधारत आहोत असे वाटते, आणि पुस्तक मिटले की तो भास मिटतो. मी त्यांची निंदा करीत नाही. परंतु मला स्वतःला उपयोग झाला तो हात गुंतवून वाचलेल्या पुस्तकांचा. कर्निघन व रिची यांचे सी भाषेवरील १९७८ चे पुस्तक आकाराने लहान आहे. मी रोज दोन पाने वाचून त्यांतील प्रत्येक उदाहरण स्वतः टंकून पाहिले, आणि ते पुरे करण्यास मला वर्ष लागले. ते वर्ष फुकट गेले नाही. मराठी वाचकाने अच्युत गोडबोले यांचे 'मुसाफिर' हे आत्मकथन जरूर वाचावे. हे गृहस्थ आपल्या सोलापूरचे. मुंबईच्या आय. आय. टी. मधून ते रसायन अभियंता झाले, आणि तरीही संगणकशास्त्र स्वतः शिकून त्या क्षेत्रात मोठ्या पदांवर गेले. त्यांनी ऑपरेटिंग सिस्टिम्ससारख्या कठीण विषयावर इंग्रजीत पाठ्यपुस्तक लिहिले आणि मराठीत 'संगणकयुग' लिहिले. पदवी एका विषयाची असली म्हणून मनुष्य त्याच विषयास बांधला जात नाही, हे त्यांच्या उदाहरणावरून दिसते. पुस्तके विकत घेणे परवडत नसेल तर आपल्या गावात हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी ग्रंथालये आहेत. तेथे जाऊन बसावे.

आता एक आक्षेप उरतो. हल्ली यंत्रेच प्रोग्रॅम लिहून देऊ लागली आहेत. साध्या भाषेत मागणी करावी आणि क्षणात शंभर ओळी मिळाव्यात, अशी सोय झाली आहे. मग माणसाने हा खटाटोप का करावा? मी ती यंत्रे वापरून पाहिली आहेत, आणि ती खरोखर उपयोगी आहेत. परंतु भिशीच्या त्या बैठकीत 'हिशेब जुळत नाही' ही ओळ यंत्राने लिहून दिलेल्या प्रोग्रॅमने दाखविली असती, तर काकूंनी कोणाच्या दारात येऊन उभे राहावयाचे? उत्तर देण्यास कोणीतरी मनुष्य हवा; आणि उत्तर द्यावयाचे तर त्याला आतील गोष्ट समजलेली हवी. ओळी कोणीही लिहो, त्यांची जबाबदारी घेण्याइतके ज्ञान आपल्यापाशी असावे, एवढ्याचसाठी मी आजही रोज तासभर बसतो. त्यातून काय मिळते, या प्रश्नाला माझे उत्तर हे आहे: आपण चुकलेले असू शकतो, हे लवकर ओळखण्याची सवय मिळते.

अमेरिकेतील डॉनल्ड क्नुथ या थोर पंडिताने आपल्या ग्रंथांत चूक दाखवून देणाऱ्यास २ डॉलर ५६ सेंटचा धनादेश पाठविण्याची प्रथा ठेवली. दोन या अंकाचा आठवा घात २५६ होतो, म्हणून ती रक्कम. ज्यांना असे धनादेश मिळाले, त्यांपैकी अनेकांनी ते वटविले नाहीत. चौकटीत घालून भिंतीवर लावले. हे वाचल्यावर मी काकूंकडे गेलो, सर्व हकीकत सांगितली, आणि माझ्या प्रोग्रॅममधील चूक त्यांनी दाखविली म्हणून २ रुपये ५६ पैसे त्यांना देऊ केले. त्या भाकरी थापीत होत्या. हात न थांबविता म्हणाल्या, 'दोन रुपये ठेव तिथं. पण छप्पन्न पैसे सुटे कुठून आणशील रे? ते आता मिळतात तरी का?'

मी म्हटले, नाही मिळत. त्यावर त्या म्हणाल्या, 'मग उरलेल्या पैशांच्या सदरात लिही.'

मी लिहिले. पैशांत, पूर्ण संख्येत.